बारा घरांचा चषक

पांढरकवडा,
दि. ६ नोव्हेंबर २०२४

प्रिय उकंडा,
जय भीम.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझा फोन दोनदा लावला. एकदा तू "हॅलो" म्हणालास आणि रेंज गेली. दुसऱ्यांदा रेंज होती, पण मीच ठेवून दिला. लिहिताना खोडता येतं, म्हणून लिहितो.

दारव्ह्याच्या आपल्या कॉलेजात २६ जानेवारीला जुन्या खेळाडूंचा मेळावा आहे. नव्या क्रीडाखोलीत काचेचं एक कपाट केलं आहे आणि ते भरायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी डायरी लिहितो, तेव्हा मला सगळं आठवत असणार, असा लोकांचा समज. मी लिहून ठेवतो ते विसरायला मोकळं व्हावं म्हणून, हे कोणाला सांगणार?

राजदीपने गुडघ्याचे पट्टे पाठवले. पंचवीस वर्षांनीही त्यांना घामाचा वास आहे. आपल्या कबड्डी संघाचा फोटो मिळाला. बारा जण, आणि सगळ्या फोटोंत मिटलेले असतात तसे तुझे डोळे याही फोटोत मिटलेले. मी माझा विद्यापीठाचा कलर कोट काढला. द्यायच्या आधी एकदा घालून पाहू म्हटलं, तर एकच हात आत गेला. माझी बायको साधना दारात उभी राहून हसत होती.

आता चषकाचं. तुला आठवत असेलच, तरी लिहितो. आपण जिंकलेला चषक फिरता होता. वर्षभर जिंकणाऱ्यांकडे आणि पुढच्या स्पर्धेआधी कॉलेजला परत. आपण बारा जण, वर्षाचे महिने बारा, म्हणून कप्तान म्हणून मीच नियम केला की प्रत्येकाच्या घरी एक महिना. फेब्रुवारी १९९९ माझा. माझ्याकडे तो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली होता. राजदीपच्या आजीने त्याला हळदकुंकू वाहिलं. तुझं गाव सगळ्यांत लांब, म्हणून शेवटचा महिना, जानेवारी २०००, तुझा. त्यानंतर चषक कोणी पाहिलेला नाही.

गावंडे सरांना मेळाव्याचं आमंत्रण द्यायला गेलो होतो. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सरांच्या घरच्या, इंदुताई, आपण काकू म्हणायचो त्या, चहा घेऊन आल्या. सरांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "चषक आण. मंग येतो." निवृत्त झाल्यापासून त्यांनी कॉलेजच्या फाटकात पाऊल टाकलेलं नाही.

तुला त्याबद्दल काही आठवतं का? सहज विचारतो. हे "सहज" खोडावंसं वाटतं आहे, पण राहू देतो.

तुझा,
धम्मरत्न

*

रोपवाटिका, झरी जामणी,
ता. २५ नोव्हेंबर

कॅप्टन,
जय सेवा.

तुह्यं पत्र भेटलं. पोस्टमननं रोपवाटिकेत आणून देल्लं. म्हणे, सरकारी दिसत नाई, बँकेचं बी दिसत नाई, मंग हाय तरी कोणाचं? मी बोलतो तसंच लिहून राह्यलो. तू मास्तर हायेस, लाल पेन घेऊन बसू नको.

माह्यं ठीक चाललं हाय. या साली बांबूचे चाळीस हजार रोप हायेत. पोरगी मोनाली यवतमाळले नर्सिंगले हाय. आई ऐंशीची झाली. ऐकू कमी येते, बोलते जास्त.

कपाटासाठी माह्यं बनियन पाठवून राह्यलो. नऊ नंबर. राजदीपनं ऑइल पेंटनं काढला होता, त्याले आता भेगा पडल्या. खांद्यावर फाटलं हाय ते शिवजो नको. ते फायनलचं हाय. आखरी मिनिट होता, आपण एक गुणानं पुढं. त्यायचा तो उंच पोरगा माह्या डाव्या कोपऱ्यात चढाईले आला. मी त्याचा पाय धरला. त्यानं मले मधल्या रेषेपर्यंत ओढत नेलं, बोटभर जागा उरली होती. मंग तू वरून पडला. त्याच्यावर पडाचं सोडून माह्यावर पडला. तुह्या दाताचा वण माह्या खांद्यावर अजून हाय, तो कपाटात ठेवता येत नाई म्हणून बनियन पाठवलं.

राजदीपले सांगजो, पट्टे धुवून तरी द्याचे होते बाप्पा.

चषकाचं म्हणशीन तं मी तवाच ठेवला होता. पंचवीस वर्सं झाले, आता कायले आठवते. सरायले नमस्कार सांगजो. मेळाव्याले जमत नाई, रोपाले पाणी द्या लागते.

उकंडा आत्राम

*

पांढरकवडा,
दि. ३ डिसेंबर २०२४

प्रिय उकंडा,
जय भीम.

बनियन मिळालं. शिवलं नाही. साधना धुवायला निघाली होती, तिच्या हातून घेतलं.

तुझ्या पत्रात बनियनला पाऊण पान आहे आणि चषकाला दोन ओळी. मास्तरकी सुटत नाही, माफ कर. पण तुला प्रश्न विचारायच्या आधी मी स्वतः जे बोललो नाही ते बोलणं भाग आहे.

३१ जानेवारी २००० च्या पानावर माझ्या डायरीत आहे: "उकंडाने चषक क्रीडाखोलीत ठेवला. रजिस्टरला सही केली." ते पान काल पुन्हा वाचलं. मी चषक पाहिला नव्हता. तू फाटकाजवळ भेटलास, "ठेवला" म्हणालास, आणि मी जाऊन "परत मिळाला" या रकान्यात सही केली. खोलीला कुलूप होतं. चावी आणायला शिपायाकडे जावं लागलं असतं आणि मला बी.एड.च्या अर्जाची घाई होती. डायरीतसुद्धा मी असं लिहिलं आहे, जणू डोळ्यांनी पाहिलं.

आठ दिवसांनी स्पर्धेच्या सकाळी कपाट उघडलं तर रिकामं. तू तेव्हा कॉलेज सोडून गेला होतास, म्हणून पुढचं तुला कदाचित माहीत नसेल. संस्थेची माणसं जमली. रजिस्टर सरांच्या हातात होतं. त्यांनी ते उघडलं, पाहिलं, मिटलं आणि म्हणाले, "मी घरी नेला होता. माझ्याकडून हरवला." मी चार हातांवर उभा होतो. सही माझी आहे, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मला चारित्र्याचा दाखला हवा होता. मी बुटांकडे पाहत राहिलो.

सरांकडून खेळ काढून घेतले. नोकरीचं शेवटचं दीड वर्ष त्यांना ग्रंथालयात बसवलं. गावात लोक म्हणत, मास्तरनं चांदीचा कप विकून खाल्ला. मला दाखला मिळाला, नोकरी मिळाली. सरांनी माझी सही पाहिलीच नसेल असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आणि कप कोणी नेला हा प्रश्न आला की मनात तुझं नाव घेत आलो. तुझ्या लग्नाला आलो नाही, ताप आल्याचं कळवलं. ताप नव्हता.

तू काही सांगावंस म्हणून हे लिहीत नाही. हे वाक्य खोटं आहे. त्यासाठीच लिहितो आहे. पण तू सांगितलं नाहीस तरी मेळाव्याच्या आधी मी सरांकडे जाऊन सहीचं कबूल करणार आहे. ते वारले आणि मी त्यांच्या श्रद्धांजलीचं भाषण लिहितो आहे, असं अलीकडे वारंवार मनात येतं. ते भाषण मला लिहायचं नाही.

तुझा,
धम्मरत्न

*

झरी जामणी,
ता. १७ डिसेंबर

धम्मा,
जय सेवा.

तुह्यं पत्र तीनदा वाचलं. सरायचं मले काईच मालूम नव्हतं. २ फेब्रुवारीले गाव गाठलं, त्यानंतर दारव्ह्याले पाय ठेवला नाई. वाटलं, कॉलेजवाले नवा कप आणतीन अन् विसरतीन. त्यापायी एका मास्तरले पुस्तकायच्या खोलीत बसवलं, हे मले आज समजलं.

चषक माह्या घरी हाय. तुरीच्या कणगीत, खाली, पोत्यात गुंडाळून.

आता कसं झालं ते आईक. जानेवारीत मी तो घरी नेऊन ठेवला अन् होस्टेलवर वापस आलो. गावातले सारे पाहून गेले. आपल्याकडं रीत हाय ना, लोकाचं भांडं घरी आलं तं घासून वापस करा लागते, अन् रिकामं नाई करत. आई ते धरून बसली. रोज सकाळी राख अन् चिंच घेऊन घासे. महिन्याच्या आखरीले मी न्याले गेलो तं कप पिवळा. चांदीचं पाणी सारं निंघून गेलेलं. आई मात्र खूश. म्हणे, "पाह्य, अकरा घरचा किती मळ बसला होता. आता निंघालं खरं भांडं."

समोरची नावाची पट्टी बी कथलाचा डाग सुटून हातात आली. तिच्याखाली ठिपक्याठिपक्यायनं कोरलं होतं, जसं आपल्या घरच्या गुंड-गंगाळावर राह्यते तसं. रुक्माबाई.

मी तसाच यवतमाळले गेलो. भांड्याले पाणी चढवणारा एक दुकानदार शोधला. त्यानं उलटापालटा करून पाह्यला. म्हणे, "आठ दिवस लागतीन. पण हे रुक्माबाई कोण? कोणाच्या घरचं उचललं बे?" हासत म्हणे तो. मी कप पिशवीत टाकला अन् निंघालो. बसमध्ये तेच डोक्यात. चांदीचा नेला अन् कोण्या बाईच्या घरचं पितळ आणून देल्लं, असंच सारे म्हणतीन. आत्रामाचं, गोंडाचं पोरगं म्हणून तं पयले म्हणतीन. तू नसता म्हणला. पण त्या दिवशी मले तुह्यावर बी भरोसा नव्हता. म्हणून फाटकापाशी तुले खोटं सांगितलं, अन् दोन दिवसात बिस्तरा बांधला. बाप बिमार हाय म्हणून सांगितलं होतं. बाप शेतात नांगर धरून होता.

ते रुक्माबाईचं मले अजून समजलं नाई. कोण्या दुकानाचं नाव असन.

आईले म्या काईच सांगितलं नाई. तिले वाटते कॉलेजनं कप आपल्याले देऊन टाकला. दर दिवाळीले काढते, घासते, वापस ठेवते. काल म्हटलं, वापस कराचा हाय. म्हणे, मंग आज नेऊ नको, घासून देतो.

३ तारखेले, शुक्रवारी, पांढरकवड्याच्या स्टँडवर येतो. पट्टी बी आणतो, फडक्यात बांधून ठेवली हाय. सरायपाशी तुह्यं सांगशीन तवा माह्यं बी सांगजो. त्यायच्या पुढं उभं राहाची माह्यात हिंमत नाई.

मले तुह्या तापाचं तवाच मालूम होतं. राजदीपनं तुले त्या दिवशी दारव्ह्याच्या बाजारात वांगे घेतानी पाह्यलं होतं.

उकंडा

*

पांढरकवडा,
दि. ६ जानेवारी २०२५

प्रिय उकंडा,
जय भीम.

शुक्रवारी पिशवी माझ्या हातात देऊन तू चहासुद्धा न घेता परतीच्या बसमध्ये चढलास. बस निघताना हात केलास की खिडकीची काच पुसलीस, ते कळलं नाही. मी हात केला असं समजून परत हात केला.

काल सरांकडे गेलो. सगळं क्रमाने लिहितो, कारण तिथे तूही असायला हवा होतास.

बसमध्ये पिशवी मांडीवर होती. उघडली नाही. मनाशी ठरवलं होतं की आधी सहीचं सांगायचं, चषक नंतर काढायचा. चषक दाखवल्यावर कबुली स्वस्त होते. सर ओसरीत खुर्चीवर बसले होते, काकू सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. मी बसलो नाही. उभ्यानेच तुझं-माझं दोघांचं सांगून टाकलं. सही, फाटक, दाखला, बूट. तुझ्या आईचं घासणं, यवतमाळचा दुकानदार. पाठ केल्यासारखं झालं, कारण पाठच केलं होतं.

सर म्हणाले, "तुह्यी सही मी तवाच पाह्यली होती. म्हटलं, न पाह्यता सही करते, हा पोरगा सरकारी नोकरीत नाव काढन."

काकू हसल्या. मला हसू आलं नाही. मी पिशवी पुढे केली.

तुझ्या आईने चषकाच्या तोंडावर फडकं बांधून आत चारोळी भरली होती. सरांनी घाई केली नाही. काकूंनी ताट आणलं, चारोळी त्यात काढली, तेव्हा कुठे त्यांनी चषक हातात घेतला. तो पिवळा कसा झाला हे विचारलं नाही. अंगठ्याने पोटावर चाचपत राहिले. अंगठा एका जागी थांबला.

"हाय," ते म्हणाले. "गेलं नाई."

"रुक्माबाई कोण, सर?"

"माह्यी आई."

उकंडा, तो चषक मुळात गुंड होता. रुक्माबाईंचा पाणी भरायचा गुंड, माहेरहून आलेला. सर कॉलेजला लागले तेव्हा मैदानाजवळ नळ नव्हता. उन्हाळ्यात पोरं सराव करायची तेव्हा त्या डोक्यावर गुंड घेऊन मैदानाच्या कडेला येऊन बसायच्या. खेळातलं काही कळत नसे, पण कोण दमला ते कळे. त्या गेल्यावर सरांनी तो गुंड तांबटाकडे नेला. त्याने पोट तसंच ठेवलं, खाली बैठक लावली, दोन कान जोडले. नाव आधीपासून होतंच, ते राहिलं. पहिली दहा वर्षं चषक पितळेचाच होता. मग संस्थेला वाटलं, फिरता चषक चांदीसारखा दिसावा. पाणी चढवलं, आणि संस्थेचे एक पदाधिकारी नुकतेच वारले होते, त्यांच्या नावाची पट्टी नेमकी त्या नावावर बसवली. सर नोकरीत होते. काही बोलले नाहीत.

मी म्हणालो, "सर, एवढं असून तुम्ही माझ्यासाठी..."

त्यांनी हात वर केला. पंच वेळ थांबवतात तसा. "तुह्यासाठी मी काईच केलं नाई, धम्मरत्न. ते डोक्यातून काढ. कपाट रिकामं दिसलं, अन् मले सुटल्यासारखं वाटलं. दर साली मी आईचा गुंड दुसऱ्याच्या नावानं वाटत होतो. म्हटलं, आता ते पट्टी पाहा लागत नाई. ज्यानं नेला त्याचं भलं हो. मंग तुह्यी सही दाखवून शोध कायले लावू?"

मी खाली बसलो. पंचवीस वर्षं मी ज्या ऋणाखाली वाकून चालत होतो, त्यातलं निम्मं माझ्यावर नव्हतंच. हे ऐकून हलकं वाटावं की ओशाळं, ते ठरेना. दोन्ही वाटलं.

"मग 'चषक आण, मंग येतो' असं का म्हणालात?"

"ते म्हणजे येत नाई म्हणाची रीत होती. तू खरंच आणशीन, मले काय मालूम."

तेव्हा काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "हे सुटले म्हणते," त्या मला म्हणाल्या. "नळावर बाया मले पाहून बोलाच्या थांबत, ते काई सुटलं नाई. अन् त्या पट्टीखाली सासूबाईचं नाव हाय, हे मले आज समजून राह्यलं."

सरांनी मान खाली घातली. मी घातली होती तशीच. मग ते काकूंना म्हणाले, "तुले सांगाले पाह्यजे होतं. चुकलं माह्यं." काकू "हं" म्हणाल्या आणि सूप पुन्हा हातात घेतलं. त्यांच्या घरात 'चुकलं' हा शब्द फार वेळा बोलला गेला नसावा, असं मला वाटलं. पण हा माझा अंदाज. अंदाज लिहून ठेवायची माझी सवय वाईट आहे.

तुझ्या आईचं वाक्य मी सरांना सांगितलं. "आता निंघालं खरं भांडं." सर इतके हसले की काकूंनी पाणी आणलं. मग विचारलं, "कायनं घासलं म्हणते?" राख आणि चिंच, म्हटलं. म्हणाले, "माह्यी आई बी तसंच घासे."

निघताना त्यांनी तुझं विचारलं. नाव नाही घेतलं. "डावा कोपरा कुठी हाय?" म्हणाले. मी सांगितलं, झरीला, रोपं वाढवतो. म्हणाले, "सव्वीस तारखेले माह्याजवळ बसाले पाह्यजे म्हणा." हा निरोप आहे. पोहोचवला.

परतीच्या बसमध्ये मला गाढ झोप लागली. यवतमाळला कंडक्टरने हलवून उठवलं. डायरीत काल एवढीच एक ओळ आहे: बसमध्ये झोप लागली.

तुझा,
धम्मरत्न

*

दारव्हा,
दि. १ मार्च २०२५

चि. उकंडा यास,
अनेक आशीर्वाद.

मेळाव्याला तू आलास, पण माझ्याजवळ न बसता सर्वांत मागे उभा राहिलास. मी हाका मारल्या तेव्हा पुढे आलास. फोटोत तुझे डोळे याही वेळी मिटले आहेत, असे धम्मरत्न कळवतो.

समितीने चषक कपाटासाठी मागितला. मी दिला नाही. म्हटले, फिरता आहे, फिरला पाहिजे. तेव्हा धम्मरत्नने डायरीतली जुनी यादी काढली. कपाटात आता तुझे बनियन, राजदीपचे पट्टे, धम्मरत्नचा कोट आणि मधोमध एक रिकामी जागा आहे. तिथे त्याने कार्ड लावले आहे: "चषक फिरतीवर आहे." खाली महिना आणि घर लिहायला ओळ सोडली आहे. येणारे लोक फोटोंपेक्षा त्या रिकाम्या जागेपुढे जास्त वेळ उभे राहतात, असे ग्रंथपालबाई सांगत होत्या.

बारा घरे झाली होती, म्हणून तेरावे घर माझे, असे मी ठरवले. महाशिवरात्रीला महिना भरला. आज तीन दिवस जास्त झाले. ही माझी चूक मी स्वतःहून लिहून देत आहे.

पट्टी मी त्या पदाधिकाऱ्यांच्या घरी नेऊन दिली. तीही कोणाच्या तरी वडिलांची आठवण आहे. तिथल्या नातवाला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने चहा पाजला.

एक अडचण आहे. महिनाभरात पितळ काळवंडले. मी राख आणि चिंच घेऊन घासून पाहिले. तशी झळाळी येत नाही. माझे हात थकले आहेत, आणि इंदुताईंचे म्हणणे असे की ते पूर्वीही या कामाचे नव्हते. म्हणून राजदीपच्या हाती चषक तुझ्या आईकडे पाठवत आहे. पुढच्या घरी तो कसा जावा, हे त्यांनी ठरवावे. त्यांना माझा नमस्कार सांग. आत फुटाणे आहेत.

तुझा,
पुंडलिक गावंडे

*

झरी जामणी,
ता. १६ मार्च

कॅप्टन,
जय सेवा.

राजदीप कप घेऊन आला. फुटाणे अर्धेच होते. म्हणे, बस खूप हालत होती.

त्या दिवशी आईले सारं सांगून टाकलं. कप आपल्याले देल्ला नव्हता ते, तिच्या घासण्यानं चांदी गेली ते, मी भ्यालो ते, सरायचं अन् रुक्माबाईचं बी. जवळ बसून, जोरजोरानं. साऱ्या गावानं ऐकलं असन. मले वाटलं, इतक्या वर्सानं तिले ऐकून वाईट वाटन. ती कप मांडीवर घेऊन बोटं फिरवत बसली.

मंग म्हणे, "हे ठिपके दर दिवाळीले हाताले लागत होते. वाचता येत नाई म्हणून काय झालं, बाईचं भांडं हाय हे समजत होतं. म्हणून तं एवढं घासलं. माणसायचं असतं तं पाण्यानं खंगाळलं असतं."

सकाळी तिनं चिंच भिजवली. मले म्हणे, किती दिवस ठेवाचा हाय? म्हटलं, एक महिना. म्हणे, पुरे.

तुह्या कार्डावर लिहून टाकजो. मार्च, मथुराबाईच्या घरी. आईचंच नाव राहू दे. माह्यं नाव नको लिहू, माह्या पाळीत मी नीट ठेवला नव्हता.

अन् एप्रिलमध्ये कप न्याले तूच ये. चहा प्याले थांब लागन. त्या दिवशी बसमधून मी हातच केलता.

उकंडा